सादाहारू ओ : घरचा आणि परका

१९५७ च्या वसंतात कोशिएनच्या मैदानावर शालेय बेसबॉलची स्पर्धा तोक्योच्या वासेदा जित्सुग्यो या शाळेनं जिंकली, तेव्हा तिच्या पिचरला सतरावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. चेंडू टाकून टाकून त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला फोड आले, ते फुटले, चेंडूला रक्त लागू लागलं, तरी तो थांबला नाही. शालेय खेळाडूच्या अशा सोसण्याचं जपानला भारी कौतुक. वर्तमानपत्रांनी त्या पोराला डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी उन्हाळ्यात, पुन्हा कोशिएनवरच, त्यानं जादा इनिंगपर्यंत लांबलेल्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळू दिली नाही.

शरद ऋतूत कोकुताई, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा महोत्सव होता. वासेदा जित्सुग्योला आमंत्रण होतं. मात्र महोत्सवाचा तेव्हाचा नियम असा होता, की खेळाडू जपानचा नागरिक हवा. पिचर जन्मला तोक्योत, त्याची आई जपानी, तो बोलायचा जपानी आणि शिकला जपानी शाळांत. पण वडील चिनी, आणि त्या काळी मुलाचं नागरिकत्व वडिलांवरून ठरायचं. संघ खेळला, तो खेळला नाही.

या मुलाचं नाव सादाहारू ओ. पुढे त्यानं व्यावसायिक बेसबॉलमध्ये ८६८ होम रन मारले. आजवर जगातल्या कुठल्याही मोठ्या लीगमध्ये कुणी इतके मारलेले नाहीत. होम रनची गणती जगभर सारखीच होते, चेंडू कुंपणापलीकडे गेला की झालं. माणूस आपला की परका, हे ठरवताना मात्र जपाननं त्याच्या बाबतीत दर वेळी वेगळं माप लावलं. त्याच्या कारकिर्दीत मला सर्वांत वेधक वाटतं ते हे.

वडील ओ शिफुकू, मूळ चिनी उच्चारानं वांग शिफू, चीनच्या झेज्यांग प्रांतातल्या चिंगत्येन या डोंगराळ भागातून पोटापाण्यासाठी जपानला आले. तोमी या जपानी मुलीशी लग्न केलं आणि तोक्योच्या पूर्वेला, सुमिदा नदीच्या बाजूच्या कष्टकरी वस्तीत ‘गोजुबान’ नावाचं चिनी नूडल्सचं दुकान थाटलं. २० मे १९४० ला सादाहारूचा जन्म झाला. त्याच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण सव्वा वर्षाची असतानाच गेली. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकी विमानांनी तोक्योचा हाच भाग जाळून काढला, एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसं मेली. हे कुटुंब वाचलं. वडिलांचं स्वप्न साधं होतं: थोरला डॉक्टर व्हावा, धाकटा विजेचा इंजिनिअर, आणि दोघांनी पुढे चीनमधल्या गावाच्या उपयोगी पडावं. थोरला खरोखर डॉक्टर झाला. धाकटा सरकारी शाळेच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला, आणि इंजिनिअरिंगचा विषय तिथंच मिटला.

परीक्षेच्या आधी, १९५४ मध्ये, सुमिदा नदीकाठच्या बागेत पोरांचा सामना चालला होता. हिरोशी अराकावा नावाचा एक व्यावसायिक खेळाडू तिथून चालला होता, तो बघत उभा राहिला. एक उंच पोरगा डाव्या हातानं चेंडू टाकत होता आणि बॅटिंगला मात्र उजव्या हाताचा होऊन उभा राहत होता. हे असं का, असं विचारून अराकावानं त्याला डावखुरा उभं राहायला सांगितलं. पोरानं तसं उभं राहून दणकून मारलं. वासेदा जित्सुग्योचं नाव त्याला सुचवलं तेही अराकावानंच. या दोघांची गाठ सात-आठ वर्षांनी पुन्हा पडायची होती.

१९५९ मध्ये सादाहारू योमिउरी जायंट्समध्ये आला. योमिउरी वर्तमानपत्राच्या मालकीचा हा संघ देशातला सर्वांत लाडका, आणि बाकीच्या संघांच्या चाहत्यांचा सर्वांत नावडता. कोशिएन जिंकून देणारा हा पिचर इथं पिचर म्हणून चालणार नाही, हे व्यवस्थापक शिगेरू मिझुहारा यांनी लवकरच ओळखलं आणि त्याला पहिल्या बेसवर पाठवलं. तेत्सुहारू कावाकामी हा दिग्गज आदल्या वर्षीच निवृत्त झाल्यानं ती जागा मोकळी झाली होती. पदार्पणाला समोर आला मासाइची कानेदा, जपानी बेसबॉलमध्ये ४०० सामने जिंकणारा एकमेव पिचर. सादाहारू दोनदा स्ट्राइक आउट झाला. पहिल्या २६ वेळा बॅट घेऊन उभा राहिला, एकही हिट नाही. सत्ताविसाव्यांदा पहिली हिट मिळाली आणि तोच होम रन ठरला. पण वर्षाअखेरची सरासरी होती ०.१६१.

बेसबॉलची सरासरी क्रिकेटसारखी धावांची नसते. दहापैकी तीन वेळा ज्याला हिट जमते तो उत्तम बॅटर, म्हणजे त्याची सरासरी ०.३००. सात वेळा अपयशी ठरूनही तिथं माणूस तारा होतो. ०.१६१ म्हणजे त्याच्या निम्मं. ‘ओ’ या आडनावाचा अर्थ राजा, त्यामुळे प्रेक्षकांना टोमणा आयताच सापडला. स्ट्राइक आउटचा राजा, असं ते स्टँडमधून ओरडायचे. पोरगा रात्री गिन्झाच्या बारमध्ये रमायचा, सकाळी सरावाला पेंगत यायचा. एक दिवस मात्र त्याचा चांगला गेला. २५ जून १९५९ ला सम्राट हिरोहितो कोराकुएन मैदानावर सामना पाहायला आले. जपानी व्यावसायिक लीगमधला त्यांनी पाहिलेला हा एकमेव सामना. त्यात सादाहारूच्या होम रननं जायंट्सनं बरोबरी साधली. पण लोकांच्या लक्षात राहिला तो शेवटच्या इनिंगमध्ये शिगेओ नागाशिमानं मारलेला विजयी होम रन. पुढची पंधरा वर्षं बऱ्याचदा असंच झालं. आकड्यांत सादाहारू पुढे, आणि जीव जडायचा तो नागाशिमावर. नागाशिमा चिबाचा, हसरा, नाटकी, वेंधळाही, प्रत्येक जपानी घराला आपला वाटावा असा.

तीन वर्षं अशीच गेली. १९६२ मध्ये अराकावा जायंट्सचा बॅटिंग कोच म्हणून आला. व्यवस्थापक आता कावाकामी होता. अराकावाच्या लक्षात आलं, की पोराचे हात चळतात. चेंडू यायच्या क्षणी तो बॅट आणखी मागे खेचतो आणि मग पुढे आणतो. पिचर आणि बॅटर यांच्यात अंतर सुमारे साडेअठरा मीटर, वेगवान चेंडू ते अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. तेवढ्या वेळात अशी जादा हालचाल करणाऱ्याची बॅट नेहमीच उशिरा पोचणार. हात चळू नयेत म्हणून अराकावानं त्याला एक विचित्र उभं राहणं शिकवलं. पिचरनं हात उचलला की उजवा पाय गुडघ्यात वाकवून उचलायचा, सगळा भार मागच्या डाव्या पायावर घ्यायचा आणि चेंडू येईपर्यंत तसंच थांबायचं. एका पायावर तोल सांभाळणाऱ्याला हात हलवायची चैन परवडत नाही. सरावात हे चालू होतं, पण सामन्यात असं उभं राहायचा धीर होत नव्हता.

१ जुलै १९६२. कावासाकीत ताइयो व्हेल्सविरुद्ध सामना. त्याआधी कोच मंडळींच्या बैठकीत, ओ मारत नाही म्हणून आपण हरतो, असं एकानं सुनावलं. अराकावा चिडला. बैठकीतून बाहेर पडून त्यानं सादाहारूला सांगितलं, आज एका पायावर उभा राहा. त्या दिवशी सादाहारूनं तीन हिट मारल्या, त्यांतला एक होम रन. त्या दिवशी काही जमलं नसतं तर हे सोडून दिलं असतं, असं त्यानं नंतर अनेकदा सांगितलं. तोवर त्या मोसमात त्याचे ९ होम रन होते. मोसम संपला तेव्हा ३८ झाले होते, लीगमध्ये सर्वाधिक. तेव्हापासून सलग १३ वर्षं होम रनचा पहिला क्रमांक दुसऱ्या कुणाला मिळाला नाही. १९७५ मध्ये हानशिन टायगर्सच्या कोइची ताबुचीनं तो एकदाचा हिसकावला, आणि पुढची दोन वर्षं तो पुन्हा ओकडे आला.

या यशामागचा सराव आता दंतकथाच झाला आहे. सामना संपला की रात्री अराकावाच्या घरी जायचं आणि अनवाणी तातामीवर उभं राहून बॅट फिरवत बसायचं. पायाखालच्या चटया झिजून फाटायच्या. अराकावा स्वतः ऐकिदो या युद्धकलेचे संस्थापक मोरिहेई उएशिबा यांच्याकडे शिकत होता, तिथला तोल सांभाळायचा विचार त्यानं बॅटिंगमध्ये आणला. छतापासून कागदाची पट्टी टांगायची आणि ती खऱ्या तलवारीनं कापायची. हलका कागद नुसत्या जोरानं कापला जात नाही, तो बाजूला उडतो. धार नेमक्या कोनात आणि योग्य क्षणी लागली तरच तो दुभंगतो. तलवार, ध्यान, शिष्य आणि गुरू, हे सगळं अमेरिकी वाचकांना इतकं मोहवून गेलं, की १९८४ मध्ये डेव्हिड फॉक्नरच्या साथीनं इंग्रजीत आलेल्या त्याच्या आत्मचरित्राच्या नावातच ‘झेन’ आलं. मला या सामुराई वेष्टनाचा थोडा कंटाळा येतो. तलवार होती हे खरं, पण काम केलं ते एका चुकीच्या अचूक निदानानं आणि रोज रात्री शेकड्यांनी मारलेल्या कंटाळवाण्या फटक्यांनी. कुठल्याही देशातल्या चांगल्या कोचला हे कळेल, त्याला ऐकिदो येत नसलं तरी.

एका पायावर उभ्या असलेल्या माणसाला हलवायचं कसं, हा पुढे सगळ्या लीगचा उद्योग होऊन बसला. १९६४ मध्ये हिरोशिमा कार्पचे व्यवस्थापक कात्सुमी शिराइशी यांनी त्याच्यासाठी सहा क्षेत्ररक्षक मैदानाच्या उजव्या अर्ध्यात आणून उभे केले. डावा अर्धा जवळजवळ मोकळा. तिकडे हळूच ढकलून तो सहज हिट मिळवू शकला असता. पण तो उजवीकडेच मारत राहिला, फक्त त्या सहांच्या डोक्यावरून. त्या वर्षी त्यानं ५५ होम रन मारले, त्यांतले चार हानशिनविरुद्धच्या एकाच सामन्यात. १९६९ मध्ये चुनिचीच्या केंतारो ओगावानं तर चक्क पाठीमागून हात फिरवून चेंडू टाकला, ओचा ठेका चुकावा म्हणून. ठेका चुकला की नाही कुणास ठाऊक, पण चेंडू भलतीकडे गेला.

सर्वांत शानदार प्रतिस्पर्धी हानशिन टायगर्सचा युताका एनात्सु. १९६८ मध्ये एका मोसमातल्या स्ट्राइक आउटच्या विक्रमाजवळ तो पोचला तेव्हा वीस वर्षांचा होता. विक्रम मोडायचा तो ओलाच बाद करून, असं त्यानं ठरवलं होतं. कोशिएनवर विक्रमाशी बरोबरी साधणारा स्ट्राइक आउट ओचा झाला. मग ओची पाळी पुन्हा येईपर्यंत मधल्या सगळ्या बॅटरना स्ट्राइक आउट न करता बाद करायची कसरत त्यानं केली, आणि पुढचा, विक्रमी स्ट्राइक आउटही ओचाच घेतला. याहून मोठा मान दुसऱ्या खेळाडूला कसा द्यायचा, मला तरी माहीत नाही.

बाकीचे पिचर एवढे धीट नव्हते. ओला मारता येईल असा चेंडू टाकण्यापेक्षा चार बाहेरचे चेंडू टाकून पहिला बेस फुकट दिलेला परवडला, असा त्यांचा हिशेब. २२ मोसमांत त्याला असे २३९० वॉक मिळाले. हा आकडा मला ८६८ पेक्षा जास्त बोलका वाटतो. जायंट्सनं १९६५ ते १९७३ अशी सलग नऊ वर्षं जपानी अजिंक्यपद जिंकलं, त्याचं एक कारण हेच. ओला टाळलं की पुढे नागाशिमा उभा.

८६८ वर शंका घेणारे कायम असतात, आणि त्यांचं सगळंच खोटं नाही. जपानी मैदानं त्या वेळी अमेरिकेतल्यांपेक्षा लहान होती. लाकूड दाबून कठीण केलेल्या बॅट तेव्हा चालायच्या, त्यांच्यावर १९८१ पासून बंदी आली, आणि ओनं त्या वापरल्या होत्या. पिचिंगचा दर्जाही सरसकट अमेरिकेच्या तोडीचा नव्हता. दुसऱ्या बाजूला तेव्हाचा जपानी मोसम १३०-१४० सामन्यांचा, अमेरिकेतला १६२ चा. शिवाय त्याच मैदानांवर, तशाच बॅट घेऊन खेळणाऱ्या इतर जपानी खेळाडूंपैकी कुणीही ७०० पर्यंत पोचलं नाही. अमेरिकेत तो खेळला असता तर किती मारले असते, हा वाद मजेशीर आहे, पण त्याचा निकाल लागायचा नाही. ज्याच्याशी तुलना व्हायची त्या हँक आरननं या भांडणात कधी रस घेतला नाही. नोव्हेंबर १९७४ मध्ये कोराकुएनवर दोघांची होम रनची झुंज झाली, आरन १०-९ नं जिंकला. पुढे त्या दोघांनी मिळून मुलांसाठी जागतिक बेसबॉल मेळावे भरवले.

३ सप्टेंबर १९७७ च्या संध्याकाळी ओनं आरनच्या ७५५ चा आकडा ओलांडला. चेंडू टाकणारा याकुल्ट स्वॅलोजचा यासुजिरो सुझुकी. ७५६ वा होम रन देणाऱ्या पिचरसाठी सायपनच्या सहलीचं बक्षीस ठेवलं होतं, सुझुकीनं ते नाकारलं. त्या क्षणाच्या छायाचित्रात दोन्ही हात वर करून हवेत उडालेला एक खेळाडू दिसतो, ओनंतर बॅटिंगला येणारा इसाओ हारिमोतो. तो हिरोशिमात जन्मला, अणुबॉम्बमधून वाचला, त्याचे आईवडील कोरियन, आणि जपानी बेसबॉलमध्ये ३००० हिटचा टप्पा ओलांडणारा तो एकमेव. कानेदाही मूळचा कोरियन कुटुंबातला. त्यांच्या आधीच्या पिढीत ३०० सामने पहिल्यांदा जिंकणारा व्हिक्टर स्टार्फिन रशियातून आलेल्या निर्वासितांचा मुलगा, ज्याला युद्धकाळात जपानी नाव घ्यावं लागलं होतं. जपानचा हा लाडका खेळ उभा करणाऱ्यांत ज्यांना जपान ‘बाहेरचे’ म्हणायचा ती माणसं किती होती, याची मोजदाद करायला बसलं की यादी लांबतच जाते.

त्या रात्री ओचे आईवडील मैदानात आले. दोन दिवसांनी पंतप्रधान ताकेओ फुकुदा यांच्या सरकारनं त्याला नवाच स्थापन केलेला राष्ट्रीय सन्मान पुरस्कार दिला. पहिला मानकरी तोच. वीस वर्षांपूर्वी राष्ट्रीय महोत्सवात खेळू न शकलेल्या माणसाच्या हातात आता राष्ट्राचा सर्वोच्च लोकसन्मान होता, आणि पासपोर्ट अजूनही तैवानमधल्या चीन प्रजासत्ताकाचाच होता. वडिलांचा देश सोडायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं, आणि त्याबद्दल तो कधी फार बोललाही नाही.

१९८० मध्ये चाळिसाव्या वर्षी, त्या मोसमात ३० होम रन मारलेले असताना, तो थांबला. दुसऱ्या कुणाला ३० पुरले असते.

यानंतरचं प्रकरण कमी सुखाचं आहे. १९८५ मध्ये हानशिनचा अमेरिकी बॅटर रँडी बास ५४ होम रनवर पोचला. एका मोसमातल्या ओच्या ५५ च्या विक्रमाला एकच कमी. शेवटचे सामने जायंट्सशी, आणि जायंट्सचा व्यवस्थापक कोण, तर ओ. जायंट्सच्या पिचरांनी बासला पुन:पुन्हा बाहेरचे चेंडू टाकून बेसवर पाठवलं. असा आदेश आपण दिला नव्हता, असं ओनं सांगितलं. जायंट्सकडून खेळणाऱ्या कीथ कॉमस्टॉक या अमेरिकी पिचरनं नंतर सांगितलं, की बासला स्ट्राइक टाकली तर दंड होईल अशी तंबी एका कोचनं दिली होती. २००१ मध्ये किंतेत्सुचा टफी ऱ्होड्स ५५ वर पोचला, तेव्हा ओ फुकुओका दाइएई हॉक्सचा व्यवस्थापक होता, आणि पुन्हा तेच घडलं. लीगच्या आयुक्तांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. पुढच्या वर्षी सेइबूचा अलेक्स काब्रेरा ५५ वर पोचला, त्याच्याही वाट्याला हॉक्सशी खेळताना मारण्याजोगं फारसं काही आलं नाही.

बास, ऱ्होड्स, काब्रेरा तिघेही परदेशी. त्यांच्यापासून जो विक्रम ‘वाचवला’ जात होता, तो ज्याचा होता तोही कागदोपत्री परदेशीच. या विसंगतीकडे त्या डगआउटमध्ये कुणाचं लक्ष गेलं असेल का, असं मला वाटून जातं. ओनं आदेश दिला नसेल, मी ते मानतो. पण माझ्या विक्रमासाठी कुणाला टाळू नका, एवढं त्यानं वेळेवर ठणकावलं असतं, तर त्याचे पिचर ऐकले नसते असं मानणं अवघड आहे. ज्या माणसाला स्वतः २३९० वेळा असं टाळलं गेलं, त्यानं तरी ते करायला हवं होतं.

व्यवस्थापक म्हणून त्याची सुरुवातही खडतरच होती. जायंट्सबरोबर पाच वर्षांत एकच लीग विजेतेपद मिळालं. हॉक्सकडे आला तेव्हा तो संघ अनेक वर्षं तळाशी रेंगाळत होता, आणि १९९६ मध्ये ओसाकातल्या एका पराभवानंतर चिडलेल्या चाहत्यांनी संघाच्या बसवर अंडी फेकली. त्याच संघाला त्यानं १९९९ आणि २००३ मध्ये जपानी अजिंक्यपद मिळवून दिलं. २००६ मध्ये पहिल्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकसाठी जपानचा राष्ट्रीय संघ त्याच्या हाती होता, त्यात इचिरो सुझुकीसारखा तारा. अमेरिकेशी सामना रंगात आलेला असताना जपानला मिळालेली धाव एका अमेरिकी पंचानं अपिलावर रद्द केली. एरवी शांत असलेला ओ मैदानात जाऊन वाद घालताना साऱ्या जपाननं पाहिला. सामना गेला, दक्षिण कोरियाविरुद्धचाही गेला. मग मेक्सिकोनं अमेरिकेला हरवलं, कमी धावा दिल्याच्या हिशेबावर जपान उपांत्य फेरीत सरकला, तिथं कोरियाला आणि अंतिम सामन्यात क्युबाला १०-६ नं हरवून अजिंक्य ठरला. त्याच उन्हाळ्यात जठराच्या कर्करोगासाठी ओचं पूर्ण जठर काढावं लागलं. २००८ पर्यंत तरीही तो हॉक्सच्या डगआउटमध्ये उभा राहिला.

५५ चा विक्रम अखेर सप्टेंबर २०१३ मध्ये मोडला. कुरासाओहून आलेला, याकुल्टचा व्लादिमिर बालेंटिन त्या मोसमात ६० वर थांबला. या वेळी कुणी त्याला टाळलं नाही. २०२२ मध्ये याकुल्टच्याच मुनेताका मुराकामीनं मोसमातल्या आपल्या अगदी शेवटच्या पाळीत ५६ वा होम रन मारला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी छापलं, की जपानी खेळाडूनं एका मोसमात मारलेल्या होम रनचा ५८ वर्षांचा विक्रम मोडला. त्यांच्या हिशेबात त्याआधीचा जपानी विक्रमवीर सादाहारू ओ होता.